भिंतीचा न उघडणारा अहवाल

काही प्रकरणं पोलीस अधिकाऱ्याच्या काळजावर कायमची कोरली जातात, असं निवृत्तीनंतर लिहायची पद्धत आहे. माझ्या काळजाची मध्यंतरी अँजिओग्राफी झाली. डॉक्टरांना तिथे कोरीव काम आढळलं नाही, एक ब्लॉकेज तेवढं निघालं. तरीही हे प्रकरण मी विसरलेलो नाही. त्याचं कारण राग. नातवाच्या शाळेकडून एखादा ईमेल येतो, त्याला जोडलेल्या फाइलचं नाव भलतंच काहीतरी दिसतं, आणि तो राग जसाच्या तसा पुन्हा वर येतो. घरच्यांना वाटतं, म्हातारा कॉम्प्युटरवर चिडला.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना मी पुण्याच्या पूर्व टोकाला, वाघोलीच्या बाजूला, एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. कालपर्यंत ज्वारीची असलेली जमीन तिथे आज बारा मजल्यांची होते आणि उद्या तिच्या पाण्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात. अशाच एका सोसायटीत उतारावर वरच्या अंगाला बाग केलेली होती, खालच्या अंगाला पार्किंग होतं आणि मधे बागेची माती अडवून धरणारी दगडी भिंत होती. भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली. त्या खोलीत चौकीदार आणि त्याची बायको राहायचे. दोघं वाशीम जिल्ह्यातले.

एका दुपारी ती भिंत पडली. चौकीदार रात्रपाळी करून आत झोपला होता. बायको चार घरी भांडी घासायला गेली होती, म्हणून वाचली. अग्निशामक दलाने त्याला बाहेर काढलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंच बोलावले, पंचनामा सुरू केला.

सोसायटीचे अध्यक्ष आमच्याआधी हजर होते. सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. पहिल्याच वाक्यात त्यांनी आपण वर्ग एक होतो हे सांगितलं, दुसऱ्यात ही नैसर्गिक आपत्ती असल्याचं सांगितलं.

"अतिवृष्टी झाली हो. ढगफुटीच म्हणा."

मी वर पाहिलं. आकाश स्वच्छ निळं होतं. त्यांनीही वर पाहिलं. ढगफुटी त्यांनी तिथल्या तिथे मागे घेतली.

संध्याकाळी ते ठाण्यात आले ते टाइप केलेली तक्रार घेऊन. लेटरहेडवर नावाखाली आजी-माजी सात पदं होती. तक्रारीचा मथितार्थ असा, की सोसायटीने दूरदृष्टी दाखवून भिंतीची तपासणी एका इंजिनिअर बाईंकडून करून घेतली होती. बाईंनी अहवाल ईमेलने पाठवला खरा, पण जोडलेली फाइल निरुपयोगी होती, उघडतच नव्हती. भिंत धोक्याची आहे हे व्यवस्थापनाला कळलंच नाही. सबब एका गरीब माणसाच्या मृत्यूला सदर बाई जबाबदार आहेत.

पुरावा म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो जोडला होता. लॅमिनेट केलेला.

फोटोत ईमेल दिसत होता. खाली जोडलेल्या फाइलचं नाव होतं: एटीटी, मग शून्यांची रांग, एक आकडा, पुढे टिंब आणि डॅट. शेजारी एक चौकट कॉम्प्युटरच्या वतीने विचारत होती, की ही फाइल नक्की कशाने उघडू.

"आम्ही सामान्य माणसं. हे असलं कसं उघडणार?" अध्यक्ष म्हणाले.

मी फोटो ठेवून घेतला, कारण ते नाव मी ओळखत होतो. आमच्या ठाण्याला वरच्या कार्यालयांतून रोज येणारी परिपत्रकं याच अवतारात येत. पाठवणारा आपल्या फाइलला छान मराठी नाव देतो. आमच्याकडचा ईमेल वाचायचा प्रोग्रॅम बाबा आदमच्या काळातला, त्याला ते नाव वाचता येत नाही. मग तो आपल्या मनाने एक नाव ठेवतो आणि मोकळा होतो. आम्ही बरेच महिने ती परिपत्रकं 'उघडत नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवत होतो. एकदा त्यातल्या एका परिपत्रकाला उत्तर दिलं नाही म्हणून माझा लेखी खुलासा मागवण्यात आला. खुलासा मागवणारं पत्रही डॅट होऊन आलं होतं. त्या दिवसापासून मी ती विद्या शिकलो.

दिवेलागणीला वरच्या साहेबांचा फोन आला.

"टीव्हीवाले विचारतायत. त्या इंजिनिअर बाईंना घ्या ताब्यात. साधा निष्काळजीपणा नको, सदोष मनुष्यवध लावा. संदेश गेला पाहिजे."

"कोणाला, सर?"

"समाजाला हो!"

समाज त्या वेळी सोसायटीच्या फाटकावर उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. हे मी साहेबांना सांगितलं नाही. अशा अनेक गोष्टी न सांगितल्यामुळेच मी निवृत्तीपर्यंत पोहोचलो. मी एवढंच म्हणालो, की महिलेला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही, त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हा नियम मला त्या दिवशी फार आवडला.

"मग उद्या दुपारपर्यंत," साहेब म्हणाले. "त्यापुढे मी ऐकणार नाही."

निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात ठाण्यातच जामीन होतो. सदोष मनुष्यवधात थेट कोठडी. बाईंचं पुढे काय होणार, ते माझ्या हातातल्या दुपारपर्यंतच्या वेळेवर येऊन ठेपलं होतं.

जबाब हवा आहे असं बाईंना कळवलं होतं, त्या रात्रीच आपणहून ठाण्यात आल्या. पन्नाशीच्या. शनिवार पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस, एकटीचं काम. हेल्मेट मांडीवर घेऊन ताठ बसल्या.

"अहवाल पाठवला होता?"

"हो. तारीख-वेळेसकट दाखवते." त्यांनी फोन पुढे केला. पाठवलेल्या ईमेलमध्ये फाइलचं नाव स्वच्छ दिसत होतं: 'संरक्षक भिंत पाहणी अहवाल'. मराठीत.

"छापील प्रत का नाही दिली?"

"मागितली नव्हती. दिली असती तर चष्मा सापडत नव्हता म्हणाले असते."

"नंतर फोन केला?"

"दोनदा. दोन्ही वेळा ते मीटिंगमध्ये होते. निवृत्त माणसाला एवढ्या मीटिंगा कुठून येतात, कोण जाणे."

हेल्मेटचा पट्टा त्या बोटाला गुंडाळत होत्या. "अहो, त्या माणसाला मी स्वतः सांगितलं होतं, भिंतीला पोट आलंय, इथे झोपू नका. त्याने मला चहा दिला. म्हणाला, मॅडम, खोली सोसायटीची आहे, साहेब म्हणतील तर सोडतो."

सकाळी उजाडल्याबरोबर मी दोन पंच घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलो. अध्यक्षांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि प्रात्यक्षिक दिलं. फाइलवर दोनदा टिचकी मारली, चौकट आली, त्यांनी ती बंद केली आणि माझ्याकडे वळून दोन्ही हात पसरले.

"बघा. आता बोला."

"जरा खुर्ची द्या," मी म्हणालो.

फाइल आधी सेव्ह करून घेतली. मग साधा मजकूर दाखवणाऱ्या नोटपॅडमध्ये उघडली. आत नुसता कचरा होता, पण पहिल्या ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ अशी तीन इंग्रजी अक्षरं होती. फाइलवरची पाटी पडली तरी आत तिचं कूळ लिहिलेलं असतं. फाइल बंद केली, नावातलं शेवटचं डॅट खोडलं, तिथे पीडीएफ टाइप केलं आणि टिचकी मारली. अहवाल उघडला.

पहिल्याच पानावर भिंतीचा फोटो होता. पोट आलेला भाग लाल रेघेने दाखवलेला. त्याखाली ठळक अक्षरांत शिफारस होती: चौकीदाराची खोली आणि भिंतीलगतची पार्किंगची रांग ताबडतोब रिकामी करावी.

एका पंचाने चष्मा काढून पुसला.

"अहो, हे तुम्हाला येतं," अध्यक्ष म्हणाले. "मी काही टेक्निकल माणूस नाही. मला कसं कळावं?"

आणि खरं सांगायचं तर या मुद्द्यावर ते बरोबर होते. फाइल उघडता येते, एवढंच मी सिद्ध केलं होतं. त्यांनी ती उघडली होती, हे नाही. साहेबांना फोनवर सांगितलं तर ते खूश झाले. "म्हणजे बघा, पोलिसांना उघडावी लागते अशी फाइल बाईंनी पाठवली. निष्काळजीपणा सिद्धच झाला की!"

मी ठाण्यात परतलो तेव्हा ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक तरुण वाद घालत होता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्याच सोसायटीतला भाडेकरू. भिंतीखाली त्याची गाडी चिरडली होती आणि विम्यासाठी त्याला पंचनाम्याची प्रत हवी होती.

"सर, टोटल लॉस आहे. लास्ट इयरच घेतली होती. अँड सर, वर्स्ट पार्ट म्हणजे ते माझं स्लॉटच नव्हतं ओरिजिनली!"

"मग कोणाचं होतं?"

"चेअरमन अंकलचं. त्यांनी एक्सचेंज केलं माझ्याशी."

मी त्याला आत बोलावलं आणि बसवलं. "एक्सचेंज म्हणजे? नीट सांगा."

"सर, ते स्वतः घरी आले. हातात बर्फी. म्हणाले, बेटा, तुझी गाडी मोठी, माझी जागा मोठी, तू घे. मला वाटलं, व्हॉट अ स्वीट मॅन."

"आणि तुमची जागा कुठे होती?"

"गेटजवळ, ट्रान्सफॉर्मरला लागून. ओपन. पक्षी, धूळ, सगळं. ती कोणालाच नको होती."

मी पुण्यात जन्मलो, पुण्यात नोकरी केली. या शहरात माणसं नेत्रदान करतात, देहदान करतात. पार्किंगच्या जागेवरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. कुंडी ठेवून जागा अडवणाऱ्याविरुद्ध आणि ती कुंडी उचलणाऱ्याविरुद्ध, अशा दोन्ही तक्रारी मी एकाच सकाळी घेतल्या आहेत. इथे एक माणूस आपली झाकलेली, मोठी जागा देऊन ट्रान्सफॉर्मरशेजारची उघडी जागा घेतो, आणि वर बर्फी नेतो?

"कधी झालं हे?"

त्याने फोन काढला. अध्यक्षांचा मेसेज होता: 'उद्या सकाळपासून जागांची अदलाबदल. शुभेच्छा.' तारीख पाहिली. इंजिनिअर बाईंचा ईमेल ज्या दिवशी गेला, त्याच दिवशीची संध्याकाळ.

मी अंमलदाराला या तरुणाचा जबाब घ्यायला सांगितलं आणि जीप काढली. चौकीदाराची बायको शवागाराबाहेर होती. प्रेत गावी न्यायला गाडी यायची होती, सोबत दीर होता. ती भिंतीला टेकून न बसता मधोमध, मोकळ्या जागेत बसली होती. मी समोर उकिडवा बसलो.

"ताई, अध्यक्षसाहेबांनी गाडी दुसरीकडे लावायला घेतली, ते आठवतं का?"

"आठवते ना," ती म्हणाली. "यायनंच तर लावून देली. मांगं या साहेब, येऊ द्या, येऊ द्या, असा हात दाखवू दाखवू." तिने नवऱ्यासारखा हात करून दाखवला. "मंग यायनं इचारलं, साहेब, त्या मॅडमचा कागद आला का? खोली खाली कराची का?"

"काय म्हणाले ते?"

"म्हणे, नाही आला अजून. आला का सांगतो."

"तुम्ही स्वतः ऐकलं?"

"तिथंच होती ना मी, कपडे वाळू घालत." ती माझ्याकडे बघत राहिली. "काहून जी? आला होता का तो कागद?"

मी आयुष्यात खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. बहुतेकांवर राग आला नाही. काम म्हणून पकडलं, काम म्हणून कोर्टात उभं केलं. त्या दुपारी शवागाराच्या आवारात मला जो राग आला, तसा त्याआधी कधी आला नव्हता. ज्याला मरायला तिथे ठेवायचं, त्याच्याकडूनच आपली गाडी सुरक्षित जागी लावून घ्यायची, आणि तो विचारतो तेव्हा शांतपणे 'नाही आला' म्हणायचं. जबाब नोंदवायला सोबतच्या महिला हवालदाराला सांगितलं आणि जीपकडे निघालो.

पण रागाने गुन्हा सिद्ध होत नाही. अध्यक्ष ठाण्यात आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. कपबशीतून. अशी माणसं काचेच्या ग्लासातला चहा घेत नाहीत आणि आधीच सावध होतात.

"पार्किंगची अदलाबदल का केलीत?"

"ऊन फार लागायचं हो तिथे."

"तिथे वर पत्रा होता. नव्या जागेवर आहे?"

"नाही... म्हणजे तो मुलगा तरुण आहे. आपण ज्येष्ठांनी थोडं मन मोठं करावं."

"पार्किंगच्या बाबतीत?"

ते हसले. मीही हसलो. पुण्यातली दोन माणसं त्या वाक्यावर दुसरं काय करणार?

आणखी थोडा वेळ असाच गेला. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरात एक परिपत्रक होतं. धाक दाखवून हा माणूस बोलणार नव्हता. तीस वर्षं त्याने धाक दाखवण्याचंच काम केलेलं. पण ठाण्यात इतकी वर्षं बसून एक गोष्ट मला कळली आहे. माणूस चोर म्हटलेलं सहन करतो, आपल्या कामात कच्चा म्हटलेलं सहन करत नाही. घरफोड्यासुद्धा 'कुलूप तोडलंस' म्हटलं की भडकतो, 'मी तोडत नाही, उघडतो' म्हणतो.

मी पेन खाली ठेवलं. "जाऊ द्या. चौकशी संपत आली. एक मनातलं सांगतो, राग मानू नका. मला वाटलं होतं, वर्ग एकचा अधिकारी म्हणजे कामाला चोख. महत्त्वाचं टपाल येतं, आणि त्यावर टिपण नाही, पाठपुरावा नाही, पुढची कार्यवाही नाही. आमच्याकडे असं झालं तर हवालदाराची पगारवाढ थांबते."

त्यांचे कान लाल झाले. "इन्स्पेक्टर, जरा जपून बोला. माझ्या टेबलावर उभ्या हयातीत टपाल तुंबलेलं नाही."

"इथे तर तुंबलं."

"कोण म्हणतं? विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर मी त्याच आठवड्यात घेतला होता. विषय क्रमांक चार. 'संरक्षक भिंतीची पुनर्बांधणी व चौकीदाराच्या खोलीचे स्थलांतर'. मसुदा माझ्याकडे तयार आहे!"

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर जबाब टाइप करणाऱ्या हवालदाराचे हात थांबले.

"खोलीचं स्थलांतर," मी म्हणालो. "ते अहवालात आहे. तुमच्याकडे न उघडलेल्या."

त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना समजल्याचं दिसलं. पण असा माणूस चुकीच्या पायरीवरूनही खाली उतरत नाही, आणखी एक पायरी वर चढतो.

"हे पाहा, सभेला चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते. उपविधीत आहे. सभेच्या मंजुरीशिवाय खोली खाली करून घेणं नियमाबाहेर झालं असतं. मी नियमाने चाललो."

"आणि गाडी हलवायला किती दिवसांची नोटीस लागली?"

त्यानंतर त्यांनी वकील मागितला. कपात चहा अर्धा होता.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, आणि कायद्याचं ते बरोबरच आहे. आमच्यापुढे माणसं काहीही कबूल करतात. म्हणून पंचांसमक्ष त्यांचा मोबाइल जप्त केला, मोहोरबंद केला आणि न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवला. सोसायटीचा ईमेल त्यांच्या मोबाइलवरही येत होता. मोबाइल नवा, त्यातला प्रोग्रॅम नवा. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला जे नाव वाचता आलं नाही, ते मोबाइलने सहज वाचलं. एकच ईमेल, एकच फाइल. ट्रंकेवरची चिठ्ठी एका हमालाला वाचता येत नाही म्हणून ट्रंक रिकामी होत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आला. मोबाइलमध्ये 'संरक्षक भिंत पाहणी अहवाल' आपल्या पूर्ण मराठी नावानिशी सापडला. ज्या संध्याकाळी अदलाबदलीचा मेसेज गेला, त्याच्या थोडं आधी तो उघडलेला होता. विषय क्रमांक चारचा मसुदाही तिथेच होता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसणारी ती चौकट त्यांना पुढे केव्हा तरी सापडली असणार आणि ती उपयोगी पडेल हे कळलं असणार. न कळण्याची सोय इतक्या टापटिपीने कोणी लॅमिनेट करून ठेवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

प्रयोगशाळेचा हा अहवाल यायला अवकाश होता, पण भाडेकरूचा आणि चौकीदाराच्या बायकोचा जबाब त्या दुपारी माझ्यापुढे होता. अध्यक्षांना ताब्यात घेण्याआधी साहेबांना कळवणं भाग होतं. इंजिनिअर बाईंच्या अटकेची त्यांनी दिलेली मुदतही संपत आली होती.

"अहो, सबुरीने घ्या," साहेब म्हणाले. "मान्यवर व्यक्ती आहेत. वय पाहा. शुगर आहे त्यांना."

"सदोष मनुष्यवध लावायचं ना, सर? काल आपण म्हणाला होतात."

"काल परिस्थिती वेगळी होती."

"आणि संदेशाचं, सर?"

"कसला संदेश?"

मी फोन ठेवला आणि कलम लावलं. पुढे मला त्याबद्दल एक खुलासा लिहावा लागला. तो मी मराठीत लिहिला आणि फाइलचं नाव इंग्रजीत ठेवलं.

इंजिनिअर बाईंना मी स्वतः फोन केला. सांगितलं, की तुम्ही आता आरोपी नाही, साक्षीदार आहात.

"म्हणजे मी सुटले."

"हो."

"त्या चौकीदाराच्या बायकोला आता राहायला कुठे देणार हो? खोली तर गेली."

मी कायदा आठवून पाहिला. त्यात तिच्यासाठी खोली नव्हती.

नंतर एकदा कोर्टाच्या आवारात त्या भेटल्या तेव्हा मी त्यांना एक गोष्ट बोलून दाखवली, आणि ती इथेही लिहितो. दोष त्यांचा नव्हता. तरी माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर तो जोडलेल्या फाइलच्या पोटात ठेवू नये. ईमेलच्या पहिल्याच ओळीत लिहावा: भिंत पडेल, खोली आज रिकामी करा. त्या म्हणाल्या, "आता तसंच करते. फाइलची नावंही छोटी, इंग्रजी अक्षरांत. वडील असते तर रागावले असते, पण भिंतींना मराठीचा अभिमान नसतो." ज्यांना असे ईमेल येतात त्यांना मी एवढंच सांगेन: अनोळखी माणसाची विचित्र फाइल उघडू नका, पण ओळखीच्या माणसाने पाठवलेली उघडत नसेल तर त्याला फोन करा. दुसऱ्या फोनवर बघा. ब्राउझरमधून बघा. नावातलं शेवटचं डॅट बदलून बघा. हे सगळं करायला एक कप चहा होईल एवढाही वेळ लागत नाही.

पण मला या प्रकरणाने शिकवलं ते कॉम्प्युटरबद्दल नाही. अडाणी माणूस 'मला माहीत नव्हतं' म्हणतो तेव्हा त्याला आपण मूर्ख म्हणतो. शिकलेला माणूस तेच म्हणतो आणि आपण त्याला तांत्रिक अडचण म्हणतो. नोकरीतल्या अखेरच्या काळात मी प्रत्येक 'मिळालं नाही', 'दिसलं नाही', 'उघडलं नाही' पुढे एकच प्रश्न विचारू लागलो: मग त्या दिवशी तुम्ही स्वतःसाठी काय केलंत? माणूस दुसऱ्यासाठी काय करत नाही यावर वाद होऊ शकतो. स्वतःसाठी काय करतो ते मात्र सहसा लपत नाही.

खटला अजून सुरू आहे. चौकीदाराची बायको प्रत्येक तारखेला वाशीमहून रात्रीच्या एसटीने येते. आरोपीला प्रकृतीच्या कारणास्तव हजेरीतून सूट मिळते. कधी न्यायाधीश रजेवर असतात, कधी वकील. साक्ष पुढे जाते, ती वाशीमला परत जाते. मागच्या खेपेला मी तिला विचारलं, ताई, कंटाळा येत नाही का? ती म्हणाली, "येते. पण म्या नाही आली तर ते म्हणतीन, बाईच नाही आली."

जामिनावर असलेल्या अध्यक्षांची तब्येत मध्यंतरी सुधारली. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचं व्याख्यान झालं. विषय होता 'आपत्ती व्यवस्थापन आणि आपण'. हॉल भरलेला होता. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही.